घोड्यावरून आइसलँडच्या ज्वालामुखी मुलखात: हेक्ला ते लांडमन्नालॉइगर

माथेरानला दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंत घोड्यावर बसून गेलो म्हणजे घोडेस्वारी आली, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज असतो. तिथे लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो आणि आपण म्हणजे वर ठेवलेले सामान. आइसलँडच्या उंच माळावर हे चालत नाही. लगाम तुमच्याच हातात, पुढे वाटाड्या, मागे वाटाड्या आणि मध्ये पन्नास-साठ मोकळे घोडे. हा कळप राखत रोज २५ ते ४० किलोमीटर जायचे असते. डोंगर, लाव्हा, गरम पाण्याचे झरे हे सगळे वाटेत दिसतेच. पण तासन्‌तास मांड टिकवायची आणि कळप सांभाळायची तयारी ज्याने केलेली नसते, त्याला दुसऱ्या दिवसापासून फक्त स्वतःचे गुडघे आठवत राहतात. म्हणून या लेखात निसर्गवर्णन कमी आणि तयारी जास्त आहे.

वाट कोणती निवडावी

लांगयोकुल आणि होफ्सयोकुल या दोन मोठ्या हिमटोप्यांच्या मधून देश उभा ओलांडणारी क्योलुरची वाट सर्वांत नावाजलेली आहे. पहिल्या खेपेला मात्र ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अंतर मोठे, दिवस लांब आणि मधूनच परत फिरायची सोय जवळजवळ नाही. त्यापेक्षा दक्षिणेकडच्या लांडस्वेइत या शेतकरी भागातून निघून हेक्ला या ज्वालामुखीला उत्तरेकडून वळसा घालत लांडमन्नालॉइगर या गरम झऱ्यांच्या ठिकाणी जाणारी वाट बरी. पाच-सहा दिवसांत होते, दोन रात्री एकाच मुक्कामी राहता येते, आणि ज्वालामुखीची जेवढी रूपे या देशात आहेत त्यातली बरीचशी एवढ्या टापूत भेटतात.

सह्याद्री चढलेल्या माणसाला इथला काळा दगड परका वाटत नाही. दोन्हीकडे बेसाल्टच. फरक वयाचा. आपले दख्खनचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, पावसाने झिजून, मातीने झाकून शांत झालेले. हेक्ला १४९१ मीटर उंच आहे आणि शेवटची फुटली ती २६ फेब्रुवारी २००० रोजी. ती आगाऊ सूचना फार कमी देते, त्या वेळी भूकंपमापकांवर हालचाल दिसू लागल्यापासून उद्रेकापर्यंत जेमतेम सव्वा तास मिळाला होता. पुढे लांडमन्नालॉइगरला काळा रंग एकदम सुटतो आणि पिवळे, गुलाबी, हिरवट, राखाडी डोंगर सुरू होतात. ते रायोलाइट या फिकट ज्वालामुखी खडकाचे. शेजारचा लॉइगाह्रॉइन हा लाव्ह्याचा गोठलेला लोंढा १४७७ सालचा. सगळा टापू फ्यात्लाबाक या राखीव क्षेत्रात येतो, ते १९७९ मध्ये जाहीर झाले.

या वाटा पर्यटकांसाठी पडलेल्या नाहीत. उन्हाळ्यात मेंढ्या उंच माळावर मोकळ्या सोडायच्या आणि सप्टेंबरमध्ये घोड्यांवर जाऊन हाकत खाली आणायच्या, ही इथली शेकडो वर्षांची रीत. आजही ती चालू आहे. आपण उन्हाळ्यात करतो ती सहल त्याच कामाची हौशी आवृत्ती. हे ध्यानात असले की वाटाडे इतके शिस्तीचे का असतात, हे आपोआप कळते.

कधी जावे

जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत. त्याआधी उंचावरचे रस्ते बर्फ आणि चिखलामुळे बंद असतात, सामानाची गाडी वर पोहोचत नाही आणि गवतही उगवलेले नसते. जुलैत रात्र अशी होतच नाही, झोपताना डोळ्यांवर पट्टी लागते. मी ऑगस्टचा पहिला पंधरवडा सुचवेन. नद्या समजूतदार झालेल्या असतात आणि संध्याकाळी थोडा अंधारही मिळतो. तापमान भर उन्हाळ्यातही ५ ते १२ अंशांच्या आसपास राहते. थंडीपेक्षा वाऱ्याचा त्रास मोठा. आपल्याकडे जानेवारीत कळसूबाईच्या माथ्यावर पहाटे जो वारा लागतो, तो इथे दुपारी दोन वाजता, अंगावर पाऊस घेऊन येतो असे धरून चालावे.

आधी घोडा ओळखा

आइसलँडचा घोडा खांद्यापाशी साधारण १३० ते १४५ सेंटीमीटर उंच, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. रेसकोर्सवरच्या थरोब्रेडपुढे तो बुटका दिसतो, पण त्याला तट्टू म्हणू नका. मालकाला राग येतो आणि त्याचा राग खरा आहे, कारण हा घोडा मोठ्या माणसाला घेऊन दिवसभर लाव्ह्यातून जातो. तरी वजनाची मर्यादा असतेच. बहुतेक ठिकाणी ती ९५ ते ११० किलो असते. नोंदणी करताना वजन खरे सांगा. तिथे पोहोचल्यावर तुमच्यासाठी वेगळा घोडा आणता येत नाही.

साधी चाल, दुडकी आणि चौखूर दौड या तिन्हींशिवाय त्याच्याकडे आणखी दोन चाली असतात. एक टोल्ट आणि दुसरी स्केद, म्हणजे थोड्या अंतरापुरती भरधाव चाल. आपल्याला काम टोल्टशी. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ज्या रेवाल चालीला जास्त भाव मिळतो, तिच्या जवळची ही चाल. पाय सुटे सुटे पडतात, एक तरी खूर सतत जमिनीवर असतो, त्यामुळे स्वार उडत नाही. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी घोड्यांच्या अशा चालींशी निगडित जनुकीय बदल शोधून काढला. तुम्हाला उपयोगाची गोष्ट एवढीच, की दुडकीत जसे तालावर उठबस करतो तसे इथे करायचे नाही. पाठ सरळ, बूड खोगिरात खोल, वजन किंचित मागे, हात थोडे वर आणि लगामावर हलका संपर्क. पोटऱ्यांनी घोड्याला आवळू नका, त्याला वाटते तुम्हाला अजून वेग हवा आहे. नवखे लोक घाबरले की नेमके हेच करतात आणि मग घोडा का पळतो म्हणून ओरडतात.

तीन महिन्यांची तयारी

निदान तीन महिने आधी शिकायला लागा. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, पुण्यात आणि आसपास शिकवणाऱ्या संस्था आहेत. शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगा, उडी मारायला नाही, लांब अंतरासाठी शिकायचे आहे. निघण्याआधी चार गोष्टी अंगवळणी पडायला हव्यात. मदतीशिवाय चढणे-उतरणे. रिकिबीत पाय न घालता दहा मिनिटे दुडकी. एका हातात लगाम धरून घोडा वळवणे. आणि मैदानाबाहेर, उघड्या जागी सलग दोन तास स्वारी. यातली शेवटची लोक टाळतात, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. गोल मैदानात शहाणा वागणारा घोडा उघड्यावर निराळा असतो, आणि आपणही.

शरीराचे म्हणाल तर उठाबशा, सूर्यनमस्कार आणि पोटाचे-कंबरेचे व्यायाम पुरे. मांड्यांच्या आतल्या स्नायूंना ताण देणारे व्यायाम मात्र रोज करा, सगळा भार तिथेच येतो.

सामान: इथे कायदा आडवा येतो

जुने, वापरलेले खोगीर, लगाम, चामड्याचे हातमोजे, चाबूक यातले काहीही आइसलँडमध्ये नेता येत नाही. स्वारीचे वापरलेले कपडे आणि बूट आधी नीट धुऊन, निर्जंतुक करून, पूर्ण वाळवून न्यावे लागतात. हा नियम कडक पाळला जातो, आणि त्याला कारण आहे. या घोड्यांची जात हजारेक वर्षे बाहेरच्या रक्तापासून अलग राहिली. देशाबाहेर गेलेला घोडा पुन्हा आत येऊ शकत नाही, मग तो विश्वविजेता का असेना. त्यामुळे बाहेरच्या रोगांशी लढायची ताकद त्यांच्यात नाही. २०१० मध्ये खोकल्याची साथ देशभर पसरली आणि त्या उन्हाळ्यातला लांड्समोत हा राष्ट्रीय घोडेमेळा वर्षभर पुढे ढकलावा लागला. सर्वांत सोपा उपाय म्हणजे स्वारीची विजार आणि हातमोजे कोरे घेणे आणि शिरस्त्राण तिथलेच वापरणे. निघायच्या आधीच्या दिवसांत इथल्या तबेल्यात गेला असाल, तर ते कपडे घरीच ठेवा.

अंगाला लागून लोकरीचे कपडे हवेत. सुती बनियन आणि जीन्सचा मोह सोडा, एकदा भिजले की दिवसभर वाळत नाहीत. त्यावर मऊ जाड स्वेटर आणि वारा अडवणारे जॅकेट. पावसाचा पूर्ण सूट बऱ्याच ठिकाणी त्यांचाच मिळतो, भडक केशरी, जाड आणि कुरूप. तोच घाला. आपल्या महागड्या ट्रेकिंग जॅकेटपेक्षा तो जास्त पाणी अडवतो आणि धुक्यात दुरून दिसतो.

बुटांचा तळ सपाट आणि टाच किंचित उंच हवी. सह्याद्रीत वापरतो ते खोल खाचांचे बूट रिकिबीत अडकतात, आणि पडताना पाय अडकणे ही घोडेस्वारीतली सर्वांत वाईट गोष्ट. विजारीच्या आत सायकलवाल्यांची गादीची चड्डी घाला. शिवण नसलेले अंतर्वस्त्र, व्हॅसलीन आणि चिकटपट्ट्या जवळ ठेवा. लाज वाटून न नेणारे तिसऱ्या दिवशी दुसऱ्यांकडे मागतात. गळ्याभोवती गुंडाळायची पातळ पट्टी न्या, तिचे काम पुढे येईल. बाकी बोजा गाडीतून मुक्कामी पोहोचतो. घोड्यावर तुमच्याजवळ फक्त पाण्याची बाटली, सुकामेवा, जादा हातमोजे आणि प्लास्टिकच्या पिशवीत फोन.

व्हिसा, विमा, आयोजक

आइसलँड युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात आहे, म्हणून शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा हवा. व्हिसापुरता घेतलेला स्वस्त विमा घोडेस्वारीला लागू पडेलच असे नाही. साहसी खेळांच्या कलमात ती वगळलेली असते, ते कलम वाचल्याशिवाय पैसे भरू नका. भारतातून थेट विमान नाही, युरोपात कुठेतरी बदलून केफ्लाविकला उतरावे लागते.

आयोजकाला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. माणशी घोडे किती? तीनच्या आसपास असावेत, म्हणजे दिवसातून एकदोनदा घोडा बदलता येतो आणि कुठलाच दमत नाही. कळप मोकळा असतो का? चमूत निदान किती अनुभव मागता? ‘कोणीही या’ असे उत्तर आले तर दुसरीकडे पाहा. एखादा दिवस अंग चालले नाही, तर सामानाच्या गाडीत बसता येईल का? आणि शाकाहारी जेवणाचे काय? खर्च दिवसाला काही शे युरो येतो आणि त्यात बहुधा जेवण, निवारा, घोडा सगळे धरलेले असते. फार स्वस्त मिळत असेल तर कमी घोडे आहेत असे समजा.

दिवस कसे जातात

पहिला दिवस शेतावर आणि नदीकाठच्या हिरव्या कुरणांतून जातो. वाटाडे तुमच्याकडे बघत असतात, कुणाची मांड कशी, कोण घाबरट, कोण उतावळा. त्यावर पुढच्या दिवसांचे घोडे ठरतात. शूरपणा दाखवलात तर तसाच घोडा मिळेल, तेव्हा जपून.

दुसऱ्या दिवशी गवत संपते. हेक्लाच्या बाजूने काळी वाळू, फिकट रंगाचे हलके प्युमिस दगड आणि लाव्ह्याचे खडबडीत पट्टे लागतात. लाव्ह्यात वाट सोडू नका. तिथल्या करड्या शेवाळाची मऊ गादी एकदा खुराखाली उखडली, की भरून यायला दशके लागतात. शिवाय खालचा दगड पोकळ किंवा धारदार असू शकतो. उतारावर वाटाडे उतरून चालायला सांगतात, तेव्हा कुरकुर न करता उतरा, तुमच्या गुडघ्यांनाही ते बरे. मुक्काम लांडमन्नाहेत्लिरला. इथल्या गुहेत पूर्वी मेंढ्या गोळा करणारे रात्र काढत, आता शेजारी साध्या झोपड्या आहेत.

तिसरा दिवस लांडमन्नालॉइगरचा. तळ्यांच्या काठाकाठाने जाताना ल्योतिपोत्लुर हे लाल कडांचे विवर गाठता येते. पोहोचल्यावर घोडे कुंपणात आणि माणसे गरम पाण्यात. लाव्ह्याच्या पायथ्याशी गरम आणि थंड झरे मिसळतात, हवी तशी जागा शोधून बसायचे. या पाण्यात पाणपक्ष्यांमार्फत येणाऱ्या सूक्ष्म परजीवींमुळे कधीकधी अंगाला खाज सुटते. तिथे तशी सूचना लावलेली दिसली तर फार वेळ डुंबू नका, आणि बाहेर येताच टॉवेलने खसखसून अंग पुसा. चकचकीत काळी ज्वालामुखी काच आसपास सापडते, ती खिशात घालायची नाही. नंतरचे दिवस बहुधा वेगळ्या वाटेने परतीचे.

नदी

हिमनदीचे पाणी दुपारनंतर वाढते, कारण दिवसभर बर्फ वितळत असते. मोठी नदी शक्यतो सकाळी ओलांडतात. पाण्यात शिरल्यावर प्रवाहाकडे बघू नका, नजर पलीकडच्या काठावर ठेवा. वाहत्या पाण्याकडे पाहिले की घोडा आडवा वाहतो आहे असे वाटते, डोके गरगरते आणि माणूस नकळत एका बाजूला झुकतो. लगाम सैल, एका हातात आयाळ घट्ट. पुढच्या घोड्याच्या मागोमाग जा, त्याच्या खालच्या अंगाला घसरू नका, तिथे पाणी खोल असू शकते. क्वचित घोडा पोहू लागतो. मग पुढे झुकून आयाळीला धरून राहायचे आणि लगाम अजिबात ओढायचा नाही, नाहीतर त्याचे तोंड पाण्याखाली जाते.

कळप राखणे

खरी मजा आणि खरे काम इथे. पुढचे स्वार वेग ठरवतात, त्यांच्या पुढे कधीही जायचे नाही. मागचे स्वार रेंगाळणाऱ्यांना हलके पुढे ढकलतात. तुम्हाला बाजू मिळाली तर कळपाच्या कडेने, अंतर राखून चालत राहा. एखादा घोडा हिरव्या तुकड्याकडे फुटला तर एकट्याने त्याच्यामागे दौडू नका. तो आणखी पळतो आणि बाकीचेही त्याच्यामागे जातात. ओरडून वाटाड्याला सांगा आणि आपल्या जागेवरची फट बुजवा.

घोडे बदलायचे ठिकाण म्हणजे कुंपण वगैरे काही नसलेला उघडा माळ. कळप थांबवून सगळे स्वार खाली उतरतात आणि एक लांब पट्टी कंबरेच्या उंचीवर धरून गोल उभे राहतात. तेच कुंपण. आत साठ घोडे फुरफुरत असतात आणि त्यातला एखादा तुमच्यासमोर येऊन पाहतो, हा माणूस हलतो का. हलायचे नाही. मागे सरायचे नाही, पट्टी थोडी उचलून शांतपणे ‘हो हो’ म्हणायचे. पट्टी हाताला गुंडाळू मात्र नका, घोडा तोडून गेला तर बोटे जातील. वाटाडी आत शिरते, नावाने घोडा हेरते, म्होरकी चढवते आणि लगाम तुमच्या हातात देते. नावे बरीचशी रंगावरून असतात. स्क्योनी म्हणजे बांडा, ब्लेसी म्हणजे कपाळावर पांढरा पट्टा असलेला. दिवसभरात तीनदा ऐकून ती पाठ होतात.

आधीच्या घोड्याचे खोगीर काढलेत की त्याच्या पाठीवरून हात फिरवा. सूज, खरचटणे, चिकटलेली वाळू असेल तर लगेच सांगा, गप्प बसलात तर उद्या त्या जागी जखम होते. मोकळा सुटलेला घोडा चार पावले जातो, गुडघे टेकतो आणि काळ्या वाळूत चारी खूर वर करून लोळतो. उठून अंग झाडतो तेव्हा सगळी धूळ तुमच्या तोंडावर. गळ्यातली पट्टी नाकावर ओढायची वेळ ती हीच.

नव्या घोड्यावर खोगीर किंचित पुढे ठेवून मागे सरकवा, म्हणजे केस सरळ बसतात. तंग एकदा आवळा, थोडे चालवा, पुन्हा आवळा. पोट फुगवून ठेवणारे महाभाग इथेही आहेत.

मुक्कामी

बंकवर ओळीने झोपायचे, झोपण्याची पिशवी आपली. उंचावर गवत तुरळक, म्हणून घोड्यांसाठी गवताचे गठ्ठे गाडीतून आणलेले असतात. आधी घोड्यांचे दाणापाणी, मग आपले, हा क्रम कोणी मोडत नाही. जेवणात कोकराचे सूप, राय या धान्याचा पाव, मासे आणि स्कीर हे घट्ट दह्यासारखे. शाकाहारी माणसाने नोंदणीच्या वेळी आणि पुन्हा पोहोचल्यावर सांगावे. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि उपम्याचे तयार मिश्रण जवळ असले की रात्री बरे वाटते. दूध-तुपाचे आणि मांसाचे पदार्थ मात्र भारतातून नेऊ नका.

आणीबाणीचा क्रमांक ११२. वर बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, त्यामुळे वाटाड्याकडे उपग्रह फोन किंवा रेडिओ आहे का हे पहिल्याच संध्याकाळी विचारा.

परतीचे विमान स्वारी संपते त्या दिवसाचे घेऊ नका. नदी फुगली, धुके उतरले किंवा एखाद्या घोड्याची नाल निघाली, तर सहज अर्धा दिवस जातो. मध्ये एक रात्र रेक्याविकमध्ये ठेवा. गावातले गरम पाण्याचे सार्वजनिक तलाव स्वस्त आहेत, आणि जिना उतरताना मांड्या काय म्हणतात ते कळल्यावर तिथेच जावेसे वाटेल.